गेरूचा थापा

५ नोव्हेंबर १९५६
आज बुऱ्हाणपूरला पोचले! सिंधीपुऱ्यात मनकर्णाबाईंच्या घरी माडीवरची खोली मिळाली. बाई एकट्याच. मुलगा निंबा, लग्न ठरलेलं असताना ताप्तीत बुडाला. मी नको म्हणत असताना त्यांनी केळ्यांची फणी हातात ठेवलीच. राज्य नवं, नकाशा नवा, आणि इथल्या मराठी मुलींना शिकवायला मी. आमच्या घरात मॅट्रिकही कुणी झालं नव्हतं. खोलीतली एक भिंत अगदी कोरी आहे. तिचं काहीतरी करीन.

९ नोव्हेंबर
भिंत सजवली. देव नाही, मोर नाही, नुसते आकार. दोरी निळीत भिजवून ताणली, मधून उचलून सोडली की सरळ रेघ उठते. ताट उपडं धरून गेरूची वर्तुळं काढली. काजळीत डिंक कालवून एक जाड तिरपा पट्टा ओढला. शेजारची कोकिळा बघायला आली आणि विचारती झाली, बाईजी, हे चित्र आहे की चूल सारवताना पाय घसरला? दोघी पोट धरून हसलो. उद्या मुलींनाही शिकवीन. सही म्हणून नाव घालावंसं वाटेना. उजवा तळवा गेरूत बुडवून मधोमध उठवला.
मनकर्णाबाईंनी तो पाहिला आणि माझ्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

१२ नोव्हेंबर
कोकिळा आज हसली नाही. थाप्याकडे बघत म्हणाली, नवी सून घरात येताना भिंतीवर थापा उठवते नि त्या घरची होते. आमच्या गावीही हेच, पण तळवा उठवताना मला सुचलंच नाही. मग तिने सांगितलं, आधीची भाडेकरीण उषा, दवाखान्यात नर्स. बाईंनी गोड बोलून तिच्याकडून हळदीचा थापा उठवून घेतला. बदली झाली म्हणून ती निघाली, तर उंबऱ्यातच उजवा हात मनगटापासून तुटून पडला. हत्यार कुणी पाहिलं नाही. मी कोकिळेला सांगितलं, शिकलेल्या माणसाने असलं मानू नये.

१४ नोव्हेंबर
बाई मला सूनबाई म्हणतात. माझ्या ताटाशेजारी निंबाचं ताट. कासाराला बोलावणार आहेत, हिरव्या चुड्यासाठी. मी खोली सोडते म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, जाय ना पोरी, थापा तर इथंच राहील.
ट्रंक घेऊन उंबऱ्यात पाय टाकला आणि मनगटाची कातडी गोल फाटली, तारेने कापावी तशी. मागे सरले. रक्त थांबलं.

१५ नोव्हेंबर
थापाच नाहीसा केला तर? ओल्या फडक्याने जाईना. उलथन्याने खरवडला. भिंतीवरची करंगळी निघाली — आणि माझी — जमिनीवर पडली. चुना रक्ताने भिजला. चुन्याच्या थराखाली दुसरा थापा दिसतो. पिवळा.

१६ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहिते आहे. चारही बोटं गेली. पण थापा गेला की उंबरा मला सोडेल. सोडायलाच हवा. मुली वाट बघत असतील. डाव्या हातानेही फळ्यावर —
कासार आलाय. बाई दाराबाहेरून त्याला सांगतायत, आधी उजवा हात भर.
अंगठा गेला. फक्त तळवा उरला. उलथनं रक्ताने निसटतं —
चुना फुगतोय. पिवळी बोटं बाहेर — उषा, तू तरी सोडव — नाही, तिने माझा डावा हात धर —