बेंबी सरकली नव्हती

प्रिय दक्षा बेटा,

फोनवर तुला म्हटलं, बाचं ऑपरेशन नीट झालं, तुझी आई सुखरूप आहे. ते खरं आहे, पण अर्धंच. बाकीचं वॉर्डातल्या लोकांसमोर बोलवेना. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं, सांभाळून घे.

सोमवारी सकाळी बाला ओकाऱ्या लागल्या, पोट दुखायला लागलं. मला वाटलं, पेचोटी खसली, बेंबी जागची सरकली, दुसरं काय! चाळीस वर्षं सगळं गाव माझ्याकडेच येतं ना बेंबी बसवायला. तिला ओसरीवर निजवलं, पायाचे अंगठे जुळवून बघितले. उजवा पाय आखूड वाटला, तो ओढला. ती किंचाळली, "मांडीत कळ गेली हो, पार गुडघ्यापर्यंत!" मी म्हटलं, "गुडघ्याचं रडगाणं नंतर, आधी बेंबी." मंगळवारी पुन्हा ओढला. तू फोनवर डॉक्टरचं नाव काढलंस, तर "सुरतेत राहून फार शहाणी झालीस" म्हणून तुलाच झापलं. बुधवारी तिचं पोट ढोलासारखं ताणलं, ओकारीला शेणासारखा वास आला, तेव्हा कुठे जीप केली.

राजकोटला सीटी स्कॅन काढला. डॉक्टरबेन तुझ्याच वयाच्या. पडद्यावर पोटाचे आडवे काप एकामागून एक सरकवत म्हणाल्या, "काका, हे वरचं आतडं बघा, फुगलंय. हे पुढचं चपटं, रिकामं. फुगलेलं जिथे संपतं, तिथेच अडकलंय." कमरेखालच्या हाडात एक भोक असतं म्हणे, सगळ्यांनाच. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बायकांचं आतडं कधी त्यात शिरतं. हर्नियाच तो, पण बाहेर गाठ दिसत नाही. तिथली नस दाबली गेली की मांडीतून गुडघ्यापर्यंत कळ जाते. अडकलेलं आतडं सुपारीएवढं दिसत होतं, बेटा. बा दोन दिवस हेच तर ओरडून सांगत होती! "दोन दिवस घरी काय केलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आराम दिला."

वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून काढलं. लवकर आणलं असतं तर वाचलं असतं, असं ऑपरेशनवाले साहेब म्हणाले. अजून आठवडाभर धोका आहे.

आज बाला दोन चमचे पाणी दिलं. तेवढ्यानं जीव आला तर शेजारच्या खाटेवरच्या लाभुबेनला सांगते कशी, "यांनी दोन दिवस पाय ओढून धरला म्हणून मी इथवर जिवंत पोचले. तुमच्या सुनेचीही बेंबी बसवून देतील." ती सून खरंच पोट धरून पुढ्यात उभी राहिली. मी चहाचं निमित्त करून बाहेर पळालो.

बाला खरं सांगायला मी तीनदा बसलो. तिन्ही वेळा तिनं विचारलं, "तुम्ही जेवलात का?" मी "हो" म्हणून उठलो. तू शनिवारी ये आणि तिला तूच सांग, काही झाकू नकोस. मी बाहेर बाकावर बसेन. सांगून झाल्यावर तू मला हाक मारू नकोस. तिला वाटलं तर ती बोलावील.

तुझाच भेदरलेला,
बापुजी