बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

ठाकुर्ली, बुधवार

प्रिय हेमांगी,

अनेक आशीर्वाद. ठाकुर्लीहून कळव्याला, लोकलने अर्ध्या तासावर, कोणी पत्र लिहितं का, म्हणून सौमित्रराव तुला चिडवतील. चिडवू देत. फोनवर माझा आवाज जरा कापला की तू लगेच ओळखतेस, आणि मला हे एका दमात सांगायचंय. नववा लागला की, या रविवारी, तू पहिल्या बाळंतपणाला इकडे येणार म्हणून पाळणा धुऊन ठेवलाय, डिंकही आणलाय.

आधी एक खोटं कबूल करते. बाबा गावी गेलेच नव्हते. सतरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. लघवीच्या इन्फेक्शनने ताप चढला, हुडहुडीने पलंग हलायला लागला, दोन दिवस तर मला ओळखेनात. तुला या दिवसांत काय सांगायचं, म्हणून गप्प बसले.

आपला बिस्किटांचा डबा आठवतो ना? अँटिबायोटिकच्या सात दिवसांच्या गोळ्या बाबा तिसऱ्या दिवशीच सोडायचे, बरं वाटलं म्हणून. उरलेल्या मी डब्यात टाकायचे. पुन्हा लघवीला जळजळ झाली की डॉक्टरकडे कशाला, डबा होताच. शेजारच्या विमलाबाईंनाही त्यातल्याच द्यायचे आणि वर काटकसरी म्हणून मिरवायचे. हॉस्पिटलात लघवीचा कल्चर रिपोर्ट आला. पंधरा औषधांची नावं, त्यातली चौदा या जंतूंवर चालतच नाहीत. गोळ्या अशा अर्धवट घेतल्या की जंतू औषधाला सरावतात म्हणे. उरलेल्या एका इंजेक्शनवर तुझे बाबा घरी आले. असे जंतू आता जगभर पसरलेत, हॉस्पिटलातूनही लागतात, सगळा दोष डब्याचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझी समजूत घालत होते, कळतं गं मला.

ताप गेला, पण ते जंतू पोटात महिनोन् महिने राहू शकतात, संडासातून, हातांवरून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, साबणाने हात नीट धुवा, म्हणाले. नवजात बाळाला लागले तर, असं मी विचारलं. त्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणाले.

म्हणून लिहितेय. रविवारी येऊ नकोस. तुझ्या सासूबाईंशी मी बोलते, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. बाबांचं सगळं मीच करते, हेमांगी. दिवसातून वीसदा हात धुते, कातडी सोलवटलीय, तरी खात्री वाटत नाही. याच हातांनी तुझ्या बाळाला न्हाऊ घालायचं म्हणून किती महिने दिवस मोजतेय, आणि आता मला या हातांचीच भीती वाटते.

तुझीच,
आई