हिरवी वायर

४ जानेवारी
आजपासून 'एकाग्रता' या विषयावर रोज एक भाषण रेकॉर्ड करणार. तीस वर्षं मुख्याध्यापकी केली, विषय तोंडपाठ. पहिलं भाषण झकास झालं. ऐकून पाहिलं, तर माझ्या आवाजामागे सतत गूंऽऽ. दाराआड कुणीतरी उभं असल्यासारखं. घरातल्या यंत्रांची वीज मायक्रोफोनमध्ये घुसते म्हणे. बघतोच तिला.

५ जानेवारी
फ्रिज बंद. मिक्सरवर बंदी. हिला वेळापत्रक लावून दिलं. दूध नासलं. गूं कायम.

७ जानेवारी, दुपार
खिडकीला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावली. आई म्हणाली, खोलीत काही दिसत नाही रे. वय ब्याऐंशी, तिला तसंही कमीच दिसतं. गूं कायम.

१० जानेवारी
गुन्हेगार सापडला. इंटरनेटवरचे एक गृहस्थ सांगतात, हा सगळा कचरा अर्थिंगच्या वायरीतून फिरतो. मेन बोर्डातली हिरवी वायर सोडवली, टोकाला चिकटपट्टी. गूं गायब!
जावयांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, बाबा, आधी ती परत लावा. गीझरमध्ये करंट उतरला तर जायला वाट राहणार नाही, माणसातूनच जाईल. लावतो म्हटलं. जावयाला कशाला दुखवा.

१२ जानेवारी
ही म्हणते, वॉशिंग मशीनला हात लावला की मुंग्या येतात. म्हटलं, बी-ट्वेल्व्ह तपासून घे.

१३ जानेवारी
मशीनला स्वतः हात लावून पाहिला. मलाही बी-ट्वेल्व्ह कमी दिसतंय.

१८ जानेवारी
बाथरूमचा नळ चावला, असं ही म्हणते. नेमका तेव्हाच बोर्डातला सेफ्टी स्विच पडला. करंट गळला की तो आपोआप पडतो आणि घरातली वीज जाते. माझं अर्धं भाषण गेलं.
हिने बजावलंय, वायरमन येईपर्यंत गीझर लावायचा नाही. आईला तर नळाजवळ जाऊच द्यायचं नाही. वायरमनला अजून फोन केलेला नाही. उगाच नाही नाही त्या शंका काढेल.

२० जानेवारी
हिने कपडे धुवायला घेतले, स्विच पुन्हा दोनदा पडला. भलताच घाबरट आहे. त्याला वगळून वायरी थेट जोडल्या की कटकट मिटली. उद्या रविवार, उद्याच करतो.

२१ जानेवारी
थंडी फार. स्क्रूड्रायव्हर सापडेना. शोधता शोधता डुलकी लागली. स्विचचं उद्या नक्की.

२२ जानेवारी
सकाळी ही बाजारात गेली होती. आई म्हणाली, अंग धुवायचंय, पाणी तापव. एका आंघोळीने काय होतंय म्हणून मी गीझर लावला आणि रेकॉर्डिंगला बसलो.
आई ओरडली. वीज गेली. धावलो. ओल्या फरशीवर बसली होती, बोटं वाकडी, नजर माझ्यावर पण ओळख नाही. बऱ्याच वेळाने ओळखलं. म्हणाली, तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज आला का रे.
डॉक्टर येऊन गेले. वाचल्या म्हणाले. वायरमननेही बोर्ड उघडून तेच सांगितलं, स्विच पडला म्हणून वाचल्या. ही तिथेच उभी होती. स्विचचं काय करणार होतो, ते तिला माहीत नाही.
मी काल ठरवलेलं काम केलं असतं, तर आज आई नसती. काल मला झोप लागली, एवढंच.
आई आत झोपली आहे. श्वास नीट ऐकू येत नाही म्हणून खुर्ची तिच्या दारात आणून बसलोय.