मोहनच्या रायफलीचं पोट

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.
वत्सू, फोन उघडलास हे बरं केलंस, पण चष्मा कपाळावर आहे, तो आधी खाली ओढ. मागच्या रविवारी फोनवर मला पोथी वाचून दाखवायला बसलीस आणि मलाच विचारलंस, "आई, कुठवर आलो होतो गं?" शाळेत शिकवून निवृत्त झालेली लेक, आणि खूण लक्षात ठेवायची मी, जिला अक्षर ओळखत नाही. असो. नातीने लावून दिलंय. मी बोलते, फोन लिहितो. लिहिलेलं माझं, वाचायची तेवढी तू.

पाटावर तुझ्या भावाचा लॅपटॉप, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, माझी विळी, आणि माधवीची सवत. म्हणजे मोहनची रायफल. इथे हरणांच्या शिकारीचा सीझन जवळ आला की बाई तिजोरीतून बाहेर येतात. माधवी म्हणाली, "आई, हिला हळदकुंकू नका लावू, डोक्यावर बसेल." लावलं. शस्त्र आहे, दसरा आहे.
मोहनने अक्षता वाहिल्या. चिमूट पाटापर्यंत पोचलीच नाही, वाटेतच सांडली. "हीटर लावा की, किती गारठा," म्हणाला.
हीटर चालूच होता.

१४ ऑक्टो.
काल मोहन नेमबाजीच्या रेंजवर गेला होता, शेजारच्या डेलबरोबर. हा डेल म्हणजे आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात बर्फात रुतलेली गाडी ढकलून देणारा म्हातारा. त्यानेच मोहनला शिकारीचा नाद लावला. आता फ्रीझरमध्ये हरीण, माझ्या ओल्या नारळाला जागा नाही.
आला तो तोंड पाडून. रायफल अडकते म्हणे. दांडा मागे ओढायचा आणि सोडायचा, आतली स्प्रिंग गोळी घेऊन दार आपोआप लावते. ते दार शेवटी जरासं उघडं राहतं. मग उडतच नाही. दुकानदार म्हणाला, आतली सगळी ऑपरेटिंग सिस्टीम बदला.
जेवताना माधवी: "आमच्या ऑफिसात सिस्टीम अपग्रेड केली की चालू असलेलंही बंद पडतं."
"ती वेगळी, ही वेगळी."
"केवढ्याला?"
त्याने सांगितलं. माधवीने घास खाली ठेवला. "तेवढ्यात आई भारतात जाऊन येतील!"
मी म्हटलं, माझं तिकीट काढा आणि हिचं पोटही बदला, दोघी एकदम नव्या होऊ. मोहन हसला. पण ऑर्डर द्यायची हे त्याने ठरवलंच होतं. ओठ घट्ट मिटले की बापावर जातो.

२० ऑक्टो. रविवार
डेल आला होता. गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या खोट्या गोळ्या घालून बघत होते. डेल ओढतो, सोडतो, खट्. दार बंद. पुन्हा, पुन्हा. एकदाही अडकली नाही. मोहनने ओढला तर अडकली. परत ओढला, परत तेच.
डेल हळूच म्हणाला, "लेट गो, मो." एवढं इंग्रजी मला कळतं.
म्हातारा रायफलीकडे बघत नव्हता, मोहनच्या बोटांकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. मग उगीच रस्त्याकडे.

वत्सू, तुझे मामा शाळेत आणि मी शेतातल्या माळ्यावर, जोंधळ्याच्या राखणीला. म्हणून अक्षर नाही. पण गोफण येते. गरागरा फिरवायची आणि एक दोरी नेमकी सोडायची. धरून ठेवली तर दगड आपल्याच टाळक्यात.
मोहनची बोटं सोडत नाहीत. दांडा पुढे जाईतो बरोबर जातात, पोचवायला गेल्यासारखी. मग दार कसं लागेल जोरात?
आणि हा म्हणे, सिस्टीम.

२४ ऑक्टो.
सकाळी त्यांच्या खोलीचं दार अर्धवट होतं. माधवी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. नव्या नवरानवरीसारखी, म्हणून चिडवणार होते. दोघांची तोंडं बघून तशीच मागे फिरले.
नंतर सिंकपाशी विचारलं, "कधीपासून गं?"
"उन्हाळ्यापासून."
"डॉक्टर?"
"जातच नाही. म्हणतो, माउसने हात आखडलाय."
"आणि तसल्या हाताने जंगलात..."
ती पातेलं घासत राहिली. घासलेलंच होतं.
म्हणजे सगळ्यांना ठाऊक. मला, तिला, डेलला. त्यालासुद्धा असणार. नुसतं बोलायचं कुणी ते ठरत नाही.

१ नोव्हें. लक्ष्मीपूजन
पातळ पोह्यांचा चिवडा केला, त्याच्या आवडीचा, काजू जास्त. वाटी घेऊन सोफ्यावर बसला. चमचा तोंडाशी जाईस्तोवर रिकामा. सगळा गालिच्यावर.
"आई, तुझ्या चिवड्याला पाय फुटलेत."
मी म्हटलं, सांडू दे, तुमचा व्हॅक्युम उपाशी होता. हसलो तिघं. मग त्याने वाटी बाजूला ठेवली. पोट भरलं म्हणाला. चिवडा खाऊन ह्याचं पोट कधी भरलंय, वत्सू? डबे तुला फडताळाच्या वर लपवायला लागायचे.
संध्याकाळी पार्सल आलं. सवतीचं नवं पोट.

३ नोव्हें. रविवार
आज मी फार वाईट केलं. मुद्दाम नाही, पण केलं.
डेलने नवं सामान बसवलं. स्क्रू बारीक, मोहनने आपण होऊनच त्याच्याकडे दिले. मग मोहनने दांडा ओढला. अडकली. "नवीन आहे, रुळेल." पुन्हा अडकली. मी चहा घेऊन उभी. कुणीच बोलेना, ते मला सोसवेना. म्हणून गमतीत म्हटलं, "आण रे इकडे, मला बघू दे."
गोळ्या खोट्याच होत्या. डेलने दस्ता धरला, मी दोन्ही हातांनी दांडा ओढला आणि दिला सोडून.
खट्.
माझ्या ह्या ऐंशीच्या, सुजलेल्या बोटांनी, वत्सू.
कुणी हसलं नाही. मोहन म्हणाला, "गोफणवाली ना तू." मग उजवा हात खिशात घातला. चहा डाव्या हाताने प्यायला.
जीभ चावतात, हात कसे चावायचे?

५ नोव्हें.
माधवीने मेंदूच्या डॉक्टरची तारीख घेतली. जानेवारीतली मिळाली. मोहन म्हणाला, "बघू. आधी सीझन होऊ दे. एवढा खर्च केलाय."
लहानपणी ह्याचा विटीदांडू मी चुलीमागे लपवला होता. रायफलीच्या तिजोरीला आकडे दाबावे लागतात. मला आकडेही येत नाहीत. येत असते तरी काय, पन्नाशीच्या मुलाचं काय काय लपवणार.

७ नोव्हें.
काही नाही. तो डाव्या हाताने जेवायला शिकतोय. मी बघत नाही असं दाखवते.

९ नोव्हें. शनिवार
सीझन सुरू. उजाडायच्या आत दोघं गेले. अंगात ते शिकाऱ्यांचं भगवं जाकीट, चेन माधवीने ओढून दिली. मी म्हटलं, हरीण नाही मिळालं तरी चालेल, माझ्या नारळाला जागा होईल. "आई, तू ना," म्हणाला, वाकून नमस्कार केला. परीक्षेला जाताना करायचा तसा.
गाडीपाशी डेलने त्याच्या हातातला गोळ्यांचा डबा घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला. मोहनने बघितलं. परत मागितला नाही.
आता दुपार टळली. जंगलात फोन लागत नाही. माधवी दर थोड्या वेळाने खिडकीशी जाते, मी तिला हाक मारून परत बोलावते, आणि मग मीच जाते.

पाटलांची सून पुढच्या आठवड्यात पुण्याहून इकडे यायला निघतेय, तिच्याकडे सामान दे. चिवडा पाठवू नकोस. मोहनने फोनवर मागितला तरी नको, शेवही नको. डिंकाचे लाडू पाठव. लहान, मुठीत मावतील एवढे. आणि तूप हात राखून घालू नकोस, घट्ट वळ, कितीही वेळ हातात राहिले तरी फुटणार नाहीत असे.