पुलीवरचे तीन ठिपके

रविवार, ९ नोव्हेंबर

ती. वहिनीस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा खोकला आहे तिथेच आहे. एकट्या माणसाला सोबतीला कुणीतरी हवंच. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं, म्हणून उशीर.

चिमणीचं लग्न ठरलं हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या पान्याने बाहुलीची मुंडी पिळणारी ती पोर आता संसार करणार! जावयाला म्हणावं, मान सांभाळ.

तुझ्या पत्रातलं पुढचं वाचलं आणि पत्र हत्यारांच्या खणात ठेवून दिलं. बाबा कसे गेले, असं तिने विचारलं. तू म्हणालीस, "आदल्या रात्री मी भांडले, त्यांना झोपू दिलं नाही, म्हणून गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला." अकरा वर्षं हे मनात धरून बसलीस आणि आता पोरीच्याही मनात घातलंस. तुला दोष देत नाही. दोष द्यायला मी कोण, हेच सांगायला हे पत्र आहे. पण आधी कामाचं सांगतो, त्याशिवाय मला सांगताच येणार नाही.

सोमवारी एक ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, हे भंगारातलं इंजिन बसवून महिना झाला, पंख्याचा चौथा पट्टा उडाला. पट्टा उडाला की पाणी उकळतं. इंजिनाला झपाटलंय बघा." मी हसलो, म्हटलं, "चालू कर." इंजिन सुरू झालं आणि पट्ट्याचा आवाज आला. चिर्र. मग जरा थांबून पुन्हा चिर्र.

हा आवाज मी अकरा वर्षं ऐकतोय. छताच्या पंख्यात ऐकतो, तुझ्या शिलाई मशीनमध्येही ऐकायचो. तुझ्याकडे एक दिवसापेक्षा जास्त कधी राहिलो नाही, कामाचं निमित्त करून पळालो, ते यामुळेच.

पट्टा सैल केला, पंखा काढला. पाण्याच्या पंपाची पुली, म्हणजे पट्टा जिच्यावरून फिरतो ते चाक, दांड्यावर घट्ट दाबून बसवलेली असते. ती काढायला पुलर लावायचा. त्याचे तीन पाय पुलीला मागून धरतात, मधला स्क्रू दांड्यावर टेकतो, आणि तो सावकाश आवळत गेलं की पुली आपोआप पुढे सरकते. त्यात जोर लागत नाही, फक्त धीर लागतो. या वेळी मी धीर धरला. पुली हातात आली, फडक्याने पुसली. कड कधीतरी ठोकून सरळ केलेली होती, आणि तोंडाजवळ पोलादी पंच ठोकून उठवलेले तीन ठिपके होते.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्या आमच्या उस्तादांचा नियम तुला ठाऊक नसेल. प्रत्येक मिस्त्रीने आपल्या कामावर आपली खूण मारायची. उस्तादांचा एक ठिपका, थोरल्या मिस्त्रीचे दोन, माझे तीन. काम परत आलं की ज्याची खूण, त्याने मान खाली घालायची. अपघातातल्या गाडीची इंजिनं भंगारातून उचलून दुसऱ्या गाडीत बसवतात, त्यात नवल नाही. पण जगात एवढी गॅरेजं असताना हे इंजिन माझ्याच दारात यावं?

वहिनी, ते दादाच्या गाडीचं इंजिन आहे.

अपघाताच्या आदल्या दुपारी दादाच्या गाडीचा पंप बदलायचा होता. पुलर थोरल्या मिस्त्रीकडे अडकला होता, तासभर थांबायला हवं होतं. मला सिनेमाला जायचं होतं. मी पहार घातली, हातोडा मारला, पुली उपटून काढली. कड वाकली. ठोकून सरळ केली, नव्या पंपावर तीच बसवली आणि वर माझी खूण मारली. असं काम मी पुन्हा कधी केलं नाही. सुरू करून बघितलं तर डोलत होती, पट्टा चिर्र करत होता.

दादा शेजारीच उभा होता. म्हणाला, "अरे, ही डोलतेय रे. पुलर येईपर्यंत थांबू की, मला कुठे घाई आहे?"

मी म्हटलं, "चालतं रे दादा, एवढं तेवढं."

"तू म्हणतोस तर चालेल," म्हणाला आणि पाठीवर थाप मारून घरी गेला. रात्री तुमचं भांडण झालं. सकाळी गाडी घेऊन तो चढाला लागला.

मी नंतर ती मोडकी गाडी बघायला गेलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. पट्टा उडून खाली पडला होता. इंजिनाचा वरचा पाण्याचा पाइप फाटला होता, सगळ्या काचेवर उडालेल्या उकळत्या पाण्याचे डाग होते. त्या वाफेत त्याला वळण दिसलं नसणार. आणि रस्त्यावर ब्रेकचे लांबच लांब काळे पट्टे होते. झोपलेला माणूस ब्रेक मारत नाही. लोक म्हणाले डुलकी लागली, तू म्हणालीस माझ्यामुळे, आणि मी तिथे तोंड शिवून उभा राहिलो. तू रडत होतीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते मला आजही झोपू देत नाही.

ट्रकला नवी पुली घातली. जुनी या पत्रासोबत पाठवतोय. सळईवर घालून फिरव, डोलताना दिसेल. चिमणीला दाखव, ठिपके मोजायला लाव आणि ते कुणाचे हेही सांग. लग्नाला मी यावं की नाही, ते तुम्ही दोघी ठरवा.

तो जागा होता, वहिनी. शेवटपर्यंत जागा होता.

खाली 'तुझा दीर' असं लिहायला हात धजत नाही, म्हणून माझी खूणच करतो.

• • •