आपल्या कॉलेजचा सामना

आबा, काल विश्रामबागेत आपल्या कॉलेजच्या पोरींचा कबड्डीचा अंतिम सामना झाला आणि मी अजून त्यातून बाहेर आलेली नाही. घसा पार बसलाय. सकाळी वर्गात हजेरी घ्यायला लागले तर आवाजच फुटेना. मुलं खुदखुदून हसली. घरी आल्यावर नवरा म्हणाला, आज दिवसभर बोलायचं नाही. म्हणून हे लिहायला बसलेय. तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तुमच्याशी बोलायला घसा कशाला लागतोय.

पहिला सामना तुम्ही मला पलूसला दाखवलात. त्या हिवाळ्यात आपली मेंढरं तिथल्या एका मळ्यात बसवली होती. कुणीतरी सांगत आलं, की आपल्या कॉलेजची पोरं गावात खेळायला आलीत. आपलं कॉलेज म्हणजे तिकडं पूर्वेच्या कोरड्या माळावर, धनगरांनी वस्तीवस्तीतून एकेक मेंढरू देऊन उभं केलेलं. तुम्ही त्याची पायरी कधी चढला नव्हता, पण ‘आपलं’ म्हणताना तुमची मान ताठ व्हायची. आयच्या हातात काठी देऊन तुम्ही मला म्हणालात, “चल गं, आपली पोरं खेळत्यात.” मैदानावर पोचतो तर सगळी त्या गावचीच माणसं. आपल्या बाजूला घोंगडी खांद्यावर टाकलेले थोडे मेंढके, एक ढोल आणि मोठ्या झांजांसारख्या कैताळाची एक जोडी. आपला गडी दम घालत मधली रेषा ओलांडतो आणि समोरून आवाज उठतो, “बेंऽऽ, बेंऽऽ!” बघता बघता अख्खं मैदान मेंढरासारखं ओरडायला लागतं. माझे कान गरम होतात. मी तुमचं धोतर ओढते, “आबा, घरला जाऊया.” तुम्ही खाली न बघताच दरडावता, “गप उभी ऱ्हा. सामना टाकून कुटं चाललीस?” आणि मग दोन पावलं पुढं होऊन, हात वर करून समोरच्यांना हाक देता, “आवं, त्ये शेरडाचं करडू झालं! मेंढरू आसं वरडत न्हाई!” आणि छाती भरून असा काही आवाज काढता, की लांब मळ्यातल्या आपल्या मेंढरांनीही माना वर केल्या असतील. आधी समोरचेच हसायला लागतात. मग आपले मेंढके तो आवाज उचलतात, ढोलवाला त्यावर ठेका धरतो आणि आपली पोरं हसत हसत त्यांच्यावर लोण चढवतात. त्या दिवसापासून तीच आपल्या कॉलेजची आरोळी झाली.

पुढं मी त्याच कॉलेजात शिकायला गेले. तिथं मुलांचा संघ होता, मुलींचा नव्हता. सुट्टीत घरी आले असताना भाकरी थापता थापता मी सहज बोलून गेले, “मलाबी खेळू वाटतंय.” तुम्ही कोरड्यासात भाकरी कुस्करत होता, मानसुद्धा वर केली नाहीत. मला वाटलं, ऐकलंच नाही. कॉलेज सुरू झालं आणि बघते तर तुम्ही पटका बांधून प्राचार्यांच्या दारात उभे. “सायेब, माज्या लेकीला खेळायचं हाय.” ते म्हणाले, “पण मुली कुठं आहेत? एकटीचा संघ कसा होणार?” “किती लागत्यात?” “मैदानात सात. शिवाय राखीव.” “आणतो की,” म्हणालात आणि निघालात. मग तुम्ही वस्त्या पालथ्या घातल्या. एकाला आपल्या लेकीचा पाय मोडायची काळजी होती. त्याला म्हणालात, “गड्या, ती लांडग्यामागं पळती, तवा मोडत न्हाई व्हय रं?” त्याची लेक पुढं आमची सगळ्यात चांगली चढाई करणारी निघाली.

आमचा पहिला सामना उंब्रजला झाला. आम्ही सपाटून हरलो. डोळे पुसत बाहेर आले, तर तुम्ही पटक्याचा शेमला उडवत ढोलापुढं आपला धनगरी गजी नाच नाचताय. मी चिडले. “आबा, आमी हरलो. तुमी नाचताय काय?” तुम्हाला धाप लागलेली. “आगं, ढोल वाजाय लागलाय, मग नाचू नगं व्हय? आन त्या शेवटच्या पकडीचं बघ की! केवढी धिप्पाड पोरगी, लय झ्याक खाली बसवलीस तिला!” आमची प्रत्येक पकड तुम्ही वाटभर मोजून सांगितलीत. परतीच्या एसटीत ड्रायव्हरलासुद्धा सोडलं नाहीत.

आता आपल्या पोरी मॅटवर, पायात बूट घालून, पिवळ्या कपड्यांत खेळतात. काल हॉलच्या दारावरच्या शिपायानं ढोल अडवला. संघातल्या एका मुलीची आई आटपाडीहून आली होती. ती म्हणाली, “बरं, ढोल भायेर वाजंल. आमी आत ऐकतो.” आणि खरंच, ढोलवाले खिडकीखाली उभे राहिले. आत आम्ही बाया टाळ्यांवर ठेका धरून होतो. शेवटच्या चढाईला आपण एका गुणानं मागं. तिचीच लेक चढाईला गेली, किरकोळ अंगाची, वेणी घट्ट बांधलेली. दोघींनी तिचा पाय धरला, तिला आडवी पाडली. आई माझ्या दंडाला नखं रुतवून ओरडत होती, “रेटा दे गं, रेटा दे!” पोरगी दम न सोडता कोपरावर सरपटली, हात लांबवला आणि बोटांची टोकं रेषेला लागली. दोघी बाद, दोन गुण, शिट्टी! मी कुणाकुणाच्या गळ्यात पडले ते आठवत नाही. शिपाईसुद्धा नाचत होता.

हे पत्र दप्तरातल्या पुस्तकांत राहील, कुठं धाडायचं नाही. पण एक सांगते. सामना बघताना तुमची आठवण येईल, डोळे भरतील, म्हणून मी कमरेला मोठा रुमाल खोचून नेला होता. तो घडीचा तसाच घरी आला. त्या शेवटच्या चढाईत तुम्ही मला एकदाही आठवला नाहीत, आबा. तिथं असता, तर तुम्हालाही मी शेजारी उभी आहे याची शुद्ध राहिली नसती.