समुद्राला वाट म्हणणारे

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग अजून जागचा हललेला नाही. मेलेल्या बापावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. दहावीत शाळेची सहल कोकणात निघाली, तेव्हा सणसरच्या घरात चुलीपुढं बसून तुम्ही भाकरी चुरत होता. आईनंच भीत भीत विषय काढला. तुम्ही मान वरही न करता म्हणालात, "समुंदर बगून काय करायचं? म्या बगितलाय. खारं पानी. मेंढरू तोंड लावत न्हाय, आन् म्होरं वाट बी न्हाय. वाट संपती तितं पोरीनं कशाला जायचं?" आई तव्यावरची भाकरी उलटत राहिली. विषय संपला. ऊस लावण्याआधी, तरुणपणी, दिवाळी झाली की तुम्ही कळप घेऊन घाट उतरायचात, कोकणातल्या भातखाचरांत खतासाठी मेंढरं बसवायचात. म्हणजे समुद्र तुम्ही पोटभर पाहिला होता. मला त्याची गोष्टसुद्धा सांगितली नाहीत. पुढं दादाच्या कॉलेजची सहल निघाली तेव्हा मात्र त्याला एसटीपर्यंत सोडायला तुम्ही स्वतः गेलात, शेंगदाण्याचे लाडू बांधून दिलेत. तो पठ्ठ्या किनाऱ्यावर क्रिकेट खेळून आला. त्याच्यासाठी वाट कशी काय निघाली, आबा?

हे तुमच्या तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून आता विचारते. मी बारामतीत नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवते. समुद्राला जर्मनमध्ये 'मेअर' म्हणतात. तो शब्द आला की मी फळ्यावर त्याची भावंडंही लिहिते: फ्रेंच 'मेर', स्पॅनिश 'मार', रशियन 'मोरे', सगळी एकाच घरातली. डच लोकांनी तर तोच शब्द तळ्याला दिला. भिगवणला आले तर उजनीच्या पाण्यालाही ते तेच म्हणतील. या घरात ग्रीक मात्र नाहीत. जाणकार मानतात, की ती माणसं आतल्या मुलखातून गुरंमेंढरं हाकत आली आणि समुद्राला त्यांच्याजवळ शब्दच नव्हता. मग एक नाव त्यांनी तिथल्या जुन्या रहिवाशांकडून उचललं, आणि एक घरचंच दिलं: 'पोंतोस'. त्याचं मूळ 'वाट' या अर्थाचं आहे. आपला 'पथ' त्याच मुळाचा, आणि लॅटिनमध्ये त्याचाच पूल झाला. तुमच्यासारखीच मेंढरांमागची माणसं, तुमच्यासारखीच त्या पाण्यापुढं उभी राहिली, आणि त्यांना वाट दिसली. तुम्हाला पोरीला अडवायचं निमित्त दिसलं. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी मनात तुम्हाला शिव्या घातल्या. आजही घालते.

परवा एका मुलीचा बाप क्लासात आला. मुलीला जर्मनीत नोकरी लागलीय आणि हा म्हणतो, पाठवत नाही. "लई लांब हाय, म्याडम. मधी समदा समुंदर." आवाज अगदी तुमचाच. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि तुमच्यासाठी राखून ठेवलेलं सगळं त्याच्यावर ओतलं, पोंतोससकट. टोपी हातात घेऊन बिचारा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं, जाऊ द्या तिला. पर सोडाया तुमी बी मुंबईला चला. तिचं इमान उडालं की समुंदर बगू. म्या न्हाय बगितला कदी. तुमी तर लई येळा बगितला आसंल?"

मी हो म्हणाले.

खोटं बोलले, आबा. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून लिहिते: मी समुद्र पाहिलेला नाही. लग्नानंतर नवरा दर सुट्टीत चल म्हणायचा. दर वेळी काहीतरी कारण काढून मीच टाळलं. तुमच्यावर एवढी आग पाखडून झाली, तरी खरं एवढंच आहे, की तुम्ही एकदा "जा पोरी" म्हणावं म्हणून मी थांबले होते.